मुखपट्टीची दोन कुळे

२००९ चा ऑगस्ट महिना पुण्यात काढलेल्या अध्यापकांना तो अजून आठवत असेल. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. ती पुण्यातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. पाठोपाठ शाळा-महाविद्यालये बंद झाली, चित्रपटगृहांना कुलपे लागली आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. आम्ही तेव्हा नुकतेच अध्यापनात शिरलो होतो. आमच्यापैकी एकाने ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून दामदुप्पट पैसे मोजून एन-९५ मास्क मिळवला होता. दुसऱ्याच्या आईने जुन्या सुती साडीचे तीन पदर एकावर एक ठेवून, नाड्या लावून अर्धा डझन पट्ट्या शिवून दिल्या होत्या. महाविद्यालय पुन्हा उघडले तेव्हा शिक्षककक्षात या दोहोंवरून जो वाद रंगला तो ग्रामीण आणि नागर साहित्याच्या वादाइतकाच तावातावाचा आणि तितकाच अनिर्णीत होता. एन-९५ वाला आपला मास्क रात्री साबणाने धुऊन दोरीवर वाळत घाली. साडीवाल्याची पट्टी शिकवताना दर पाच मिनिटांनी नाकाखाली घसरे. आम्ही दोघेही आजारी पडलो नाही. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे कळायला मात्र आम्हांला पुढे बरेच वाचावे लागले.

घरगुती कापडी पट्टी चांगली की कारखान्यातला रेस्पिरेटर, असा प्रश्न केला की या दोन वस्तू एकाच जातीच्या आहेत आणि त्यांच्यात फरक केवळ प्रतीचा आहे, असे आपण मनात धरून चालतो. म्हणजे एक जाडेभरडे धोतर आणि दुसरे नागपुरी रेशीमकाठी. इतिहास तसे सांगत नाही. या दोन वस्तूंची कुळे वेगळी आहेत. एकीचा जन्म तोंडातून बाहेर पडणाऱ्या श्वासाच्या चिंतेतून झाला, दुसरीचा आत येणाऱ्या श्वासाच्या चिंतेतून. साथ आली की या दोन चिंता एकमेकींत मिसळतात, आणि मग एकीकडून दुसरीच्या कामाची अपेक्षा केली जाते. इन्फ्लुएन्झाच्या संदर्भात गेली शंभर वर्षे चाललेल्या वादाचे मूळ आम्हांला येथे दिसते.

भाषेच्या विद्यार्थ्याला ही कुळे शब्दांतूनही ओळखता येतात. 'मुखवटा' हा दुसऱ्याला दाखवायचा चेहरा. त्याचा श्वासाशी संबंध नाही. 'मुसके' हे मळणीच्या बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून बांधायचे. तेथे बांधणारा वेगळा आणि बांधला जाणारा वेगळा. वृत्तपत्रांनी अलीकडे रुळवलेला 'मुखपट्टी' हा शब्द मात्र जैन परंपरेतल्या 'मुहपत्ती'ची आठवण करून देतो. जैन साधू-साध्वी ती बोलताना तोंडासमोर धरतात. स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरेत ती कायम बांधलेली असते. आपल्या श्वासाने सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. अग्यारीत मोबेद पवित्र अग्नीसमोर 'पदान' बांधतात तेही आपल्या श्वासाने वा थुंकीने अग्नी विटाळू नये म्हणून. मुंबईत या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. दोन्हींत कापड बांधणारा स्वतःला वाचवत नाही. तो स्वतःपासून दुसऱ्याला वाचवतो.

शस्त्रक्रियेतला मास्क जन्मला तो याच हेतूने, अर्थात वेगळ्या कारणाने. १८९० च्या दशकात ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) कार्ल फ्ल्यूगे या जंतुशास्त्रज्ञाने, बोलताना उडणाऱ्या अदृश्य थेंबांतून जंतू पसरतात, हे दाखवून दिले. त्याच शहरातले शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी १८९७ मध्ये तोंडावर गॉझचा पडदा बांधून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जे यांनीही तेच केले. उघड्या जखमेत डॉक्टरची थुंकी पडू नये, एवढेच त्या पडद्याचे काम. बाजूंनी हवा आत आली तरी बिघडत नव्हते, कारण आत येणाऱ्या हवेशी त्याला कर्तव्यच नव्हते.

दुसरे कूळ याहून जुने आहे आणि त्याचा एक धागा हिंदुस्थानात येतो. ज्यूलियस जेफ्रीज हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत काही वर्षे कानपूरला काढलेला शल्यवैद्य. इंग्लंडला परतल्यावर त्याने १८३६ मध्ये बारीक धातूच्या तारांची जाळी असलेले एक साधन तयार केले आणि त्याला 'रेस्पिरेटर' म्हटले. बाहेर जाणाऱ्या श्वासाची ऊब आणि ओल तारांत साठवायची आणि आत येणाऱ्या थंड हवेला ती द्यायची, ही त्यामागची युक्ती. रोगजंतूंची कल्पनाही तेव्हा रूढ नव्हती. पुढे कारखाने, खाणी आणि आग विझवणारे यांच्यासाठी कोळशाच्या भुकटीचे, कापसाचे रेस्पिरेटर आले. १८७० मध्ये जॉन टिंडॉल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रकाशाच्या झोतात धुळीचे कण दाखवले, आणि कापसाच्या बोळ्यातून गाळलेल्या हवेत ते कसे नाहीसे होतात तेही दाखवले. रोग्याच्या खोलीत शिरताना कापसाचा रेस्पिरेटर वापरावा, ही सूचना त्यांच्याच व्याख्यानातली. म्हणजे कापूस दोन्ही कुळांत आहे. भेद पदार्थाचा नाही, दिशेचा आहे.

ही दोन कुळे प्रथम एकत्र आली ती मांचुरियात. १९१० च्या डिसेंबरात हार्बिन शहरात फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह तेथे पाठवले गेले. हा प्लेग उंदीर-पिसवांमार्फत नव्हे तर माणसाच्या श्वासातून माणसाला होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांनी शस्त्रक्रियेतले गॉझ घेतले, मध्ये कापसाची जाड पट्टी ठेवली, दोन्ही टोके चिरून त्यांच्या नाड्या केल्या आणि त्या डोक्याभोवती अशा बांधायला सांगितल्या की कडा चेहऱ्याला चिकटून राहाव्यात. साहित्य पहिल्या कुळातले, काम दुसऱ्या कुळातले. वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेले फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेस्नी यांनी हा सिद्धान्त झिडकारला, मास्क न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, ते प्लेगने वारले. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसे दगावली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे सावध व्हावे. वू आणि मेस्नी यांच्यातल्या भेटीचा नाट्यमय प्रसंग आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः वू यांच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातून. त्यात ते स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलतात. उद्धट गोरा डॉक्टर, संयमी चिनी डॉक्टर आणि नियतीने दिलेला निकाल, अशी ती रचना कथेसारखी घट्ट आहे. मेस्नी यांचा मृत्यू खरा आहे, त्याने मास्कची प्रतिष्ठा वाढली हेही खरे आहे. परंतु एका मृत्यूने मास्क किती अडवतो याचे मोजमाप होत नाही. मोजमाप कोणी केलेच नव्हते.

ते करण्याची पाळी आणली १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने. सॅन फ्रान्सिस्को शहराने त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सर्वांना गॉझची मुखपट्टी सक्तीची केली. आरोग्याधिकारी विल्यम हॅसलर हे तिचे कट्टर पुरस्कर्ते. रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांनी पट्ट्या शिवल्या, घरोघरीही त्या शिवल्या गेल्या. सिगारेट ओढता यावी म्हणून भोके पाडलेल्या पट्ट्याही दिसू लागल्या. महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे पट्टी न बांधणारा देशकार्यात अंगचोर ठरला. शेकडो लोकांना अटक झाली. एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात खुद्द महापौर आणि हॅसलर पट्टीविना आढळले आणि त्यांनाही दंड झाला. (सक्ती करणाऱ्यांची तोंडे नेमकी सामन्यातच उघडी सापडावीत, हा योग कोणत्याही काळात दुर्मीळ नाही.) २१ नोव्हेंबरला दुपारी भोंगा वाजला, सक्ती उठली आणि रस्ते टाकून दिलेल्या पट्ट्यांनी भरून गेले. साथ पुन्हा उसळली, जानेवारी १९१९ मध्ये सक्ती पुन्हा आली. या खेपेला तिच्याविरुद्ध 'अँटी-मास्क लीग' उभी राहिली, आणि फेब्रुवारीच्या आरंभी ती सक्ती कायमची गेली.

याच कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळातले अधिकारी विल्फ्रेड केलॉग यांनी सहकारी ग्रेस मॅकमिलन यांच्यासह गॉझच्या पट्ट्यांवर प्रयोग केले आणि १९२० मध्ये ते प्रसिद्ध केले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे, कारण त्यातला निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. गॉझ जंतू अडवते, हे त्यांना दिसले. वीण जितकी दाट आणि पदर जितके अधिक, तितके अधिक अडवते, हेही दिसले. पण पदर वाढवून पट्टी उपयोगी पडण्याइतकी दाट झाली की तिच्यातून श्वास घेणे जड होते, आणि मग हवा कापडातून येण्याऐवजी कडेच्या फटीतून येऊ लागते. हवा आळशी असते. ती सोपी वाट धरते. पातळ कापड गाळत नाही आणि जाड कापडाला हवा वळसा घालते. साथ रोखण्यासाठी सक्ती करावी इतकी ही पट्टी परिणामकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी लिहिले. पट्टी निरुपयोगी आहे असे मात्र त्यांनी लिहिले नाही. दोहोंतला फरक वृत्तपत्रांना तेव्हा कळला नाही. पुढेही फारसा कळलेला नाही.

त्याच ऑक्टोबरात मुंबईत काय चालले होते? ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण हिंदुस्थानातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्यापुढेही जातात. हिंदीच्या अभ्यासकांना निराला यांचे 'कुल्ली भाट' आठवेल. त्या साथीत त्यांनी पत्नी आणि घरातली अनेक माणसे गमावली. आणि याच वर्षी कापड इतके महाग झाले होते की गरिबांसाठी स्वस्त कापड काढण्याकरिता सरकारला १९१८ मध्ये कायदा करावा लागला. गिरण्यांच्या शहरात, अंग झाकायला कापड पुरत नसताना, तोंडावर चार पदर बांधा हा सल्ला कोणाला आणि कोणत्या तोंडाने दिला असता, हा विचार आम्हांला अस्वस्थ करतो. 'घरगुती' म्हणजे फुकट, हे गृहीतक सुखवस्तू घरातले आहे.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये. त्याचा आकार सुमारे ०.१ मायक्रॉन, सुती कापडाच्या दोन धाग्यांमधली भोके त्याच्या तुलनेत वेशीएवढी. तो एकटा फिरत नाही, थुंकीच्या लहानमोठ्या कणांतून फिरतो, हे खरे. तरीही चाळणीच्या न्यायाने त्याला अडवणे कापडाला जमणारे नव्हते. रेस्पिरेटरच्या कुळात दरम्यान मोठा पालट झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणलेल्या कापडाऐवजी वितळलेल्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म धागे फुंकून केलेला, जळमटासारखा गुंतलेला थर आला. त्याला विद्युतभार देण्याची युक्ती साधली. हा थर चाळणीसारखे काम करत नाही. मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात, अगदी लहान कण भरकटत जाऊन चिकटतात आणि भार असलेले धागे दोहोंना ओढून घेतात. सर्वांत निसटते ते मधल्या, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणाला. म्हणून परीक्षा त्याच कणावर घ्यायची आणि त्यांतले किमान ९५ टक्के अडले पाहिजेत, हा अमेरिकेतल्या १९९५ च्या नियमाचा अर्थ. एन-९५ मधला ९५ तो. साबणाने धुतला की त्याचा भार जातो. आमच्या शिक्षककक्षातला तो दोरीवर वाळणारा मास्क दुसऱ्या दिवशी नावापुरताच एन-९५ उरला होता.

आणि फट? रेस्पिरेटरलाही ती चुकलेली नाही. ज्याच्या चेहऱ्यावर तो बसतो त्याची दाढी असली, किंवा नाकावरची पट्टी दाबली नसली, की ९५ हा आकडा कारखान्यातच राहतो. म्हणूनच कामाच्या ठिकाणी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो बसवून तपासायची पद्धत आहे: बाहेरच्या हवेतले कण आतल्या हवेपेक्षा किमान शंभर पट असले पाहिजेत. २००६ मध्ये, बर्ड फ्लूच्या भीतीच्या दिवसांत, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील संशोधकांनी जाड सुती टी-शर्ट कापून, अनेक पदर घालून, घट्ट बांधायचा मास्क तयार केला आणि तो याच कसोटीला लावला. एका चेहऱ्यावर त्याला ६७ गुण मिळाले. शंभराला तो उतरला नाही, पण रुमालाच्या मानाने ही मजल मोठीच होती. कमावली ती मात्र बांधण्याच्या रीतीने. दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये भांडी पुसण्याच्या फडक्याचा मास्क, शस्त्रक्रियेतला मास्क आणि एन-९५ च्या तोडीचा युरोपीय रेस्पिरेटर यांची तुलना झाली. आत येणारे कण फडक्याने दोन-अडीच पट, शस्त्रक्रियेच्या मास्कने चार-पाच पट आणि रेस्पिरेटरने पन्नास पटींहून अधिक कमी केले. कृत्रिम डोके वापरून बाहेर जाणारे कण मोजले तेव्हा मात्र तिघांनीही फारशी चमक दाखवली नाही. खुद्द माणसांना खोकायला लावून इंग्लंडमध्ये केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यापेक्षा थोडा आशादायक होता. एकवीस जणांनी आपापले मास्क टी-शर्टपासून स्वतः शिवले. जंतू बाहेर पडण्याचे प्रमाण त्यांनी घटवले, पण शस्त्रक्रियेचा मास्क त्यांच्या तिप्पट प्रभावी ठरला. काहीच नसेल तेव्हा तो वापरावा, असे संशोधकांचे मत.

येथवर वाचून रेस्पिरेटरचा विजय झाला असे वाटेल. आम्हांलाही वाटले होते. पण प्रयोगशाळेतून रुग्णालयात आले की चित्र बदलते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ४४६ परिचारिकांना दोन गटांत विभागून एकीला शस्त्रक्रियेचे मास्क आणि दुसरीला एन-९५ दिले गेले. इन्फ्लुएन्झाचे प्रमाण पहिल्या गटात २३.६ टक्के, दुसऱ्यात २२.९ टक्के. हा अभ्यास २००९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एन-९५ गटात ८.२ टक्के, दुसऱ्या गटात ७.२ टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. यंत्राने मोजलेले पन्नास पट गेले कोठे? आमचा तर्क असा: परिचारिकेला फ्लू फक्त रुग्णाच्या खाटेशी होत नाही. तो चहाच्या टेबलाशी होतो, बसमध्ये होतो, घरच्या शाळकरी मुलाकडून होतो, आणि तेथे दोन्ही गटांची तोंडे उघडी असतात. शिवाय घट्ट बसणारी वस्तू माणूस वारंवार सैल करतो. म्हणून रेस्पिरेटर फोल ठरत नाही. क्षयाच्या कक्षात वा नळी घालताना उडणाऱ्या तुषारांसमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला तोच हवा. पण त्याला झडप लावली की तो पूर्णपणे स्वतःच्या कुळावर जातो: आत येणारा श्वास गाळलेला, बाहेर जाणारा तसाच. मुहपत्तीच्या नेमका उलटा.

कापडी मास्कची सर्वांत कडक परीक्षा झाली ती व्हिएतनाममध्ये. हनोईतल्या चौदा रुग्णालयांतल्या १,६०७ आरोग्य कर्मचाऱ्यांवर केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन पदरी सुती मास्क वापरणाऱ्यांत फ्लूसदृश आजाराचे प्रमाण शस्त्रक्रियेचे मास्क वापरणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. कापडी मास्कमधून ९७ टक्के कण पार झाले, दुसऱ्यातून ४४ टक्के. तुलनेच्या तिसऱ्या गटातले अनेक जणही मास्क लावत असल्यामुळे कापडी मास्क 'काहीच नसण्यापेक्षा' वाईट, असा अर्थ यातून निघत नव्हता. तरी तो अनेकांनी काढला. गरीब देशांतल्या रुग्णालयांत कापडी मास्क ही नित्याची गोष्ट होती, आणि आहे. आपल्याकडेही डॉक्टरच्या तोंडावर एक आणि झाडूवाल्या मावशींच्या तोंडावर दुसरे, हे दृश्य कोणाला नवे नाही.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत देशोदेशींच्या सरकारांनी घरगुती मास्क बांधा असे सांगितले, महाराष्ट्रातल्या बचत गटांच्या बायकांनी ते लाखांनी शिवले, आणि हनोईचा अभ्यास पुन्हा चर्चेत आला. तेव्हा त्याच संशोधकांनी आपली जुनी आकडेवारी पुन्हा उघडली. त्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी पाच मास्क दिले होते आणि रोज धुवायला सांगितले होते. काहींनी ते घरी हाताने धुतले, काहींचे रुग्णालयाच्या धुलाईघरात धुतले गेले. हाताने धुणाऱ्यांत श्वसनाच्या विषाणुसंसर्गाचा धोका धुलाईघरातल्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. ज्यांचे मास्क धुलाईघरात गेले, त्यांच्यात आणि शस्त्रक्रियेचे मास्क वापरणाऱ्यांत लक्षणीय फरक उरला नाही. कापड तेच, पदर तेवढेच, चेहरेही त्याच रुग्णालयांतले.

२००९ च्या त्या वादात आम्ही विणीविषयी बोललो, किमतीविषयी बोललो, नाकाच्या पट्टीविषयीही बोललो. साडीच्या त्या सहा पट्ट्या रोज रात्री पातेल्यात उकळून, वाळवून, सकाळी इस्त्री करून ठेवल्या जात होत्या. ते काम आई करत होती, आणि त्याचा उल्लेख दोघांपैकी कोणीच केला नव्हता.